वाड्यातल्या कुणबिणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट पायाखाली चिरडतो, अभ्यंगस्नान करतो आणि मग फराळाला बसतो. नरकासुराचा वध झाला, एवढे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असते. तो वध कशासाठी झाला, हे मात्र पुष्कळ घरी सांगायचे राहून जाते. पुराणकथा अशी की, नरकासुराने सोळा हजारांवर स्त्रिया कोंडून ठेवल्या होत्या. कृष्णाने त्यांना बाहेर काढले. पण बाहेर पडून जायचे कुठे, आता आम्हांला घरात घेणार कोण, असा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याने त्यांना आपले नाव दिले. म्हणजे दिवाळीचा हा एक दिवस बंदिवान स्त्रियांच्या सुटकेचा आहे. म्हणूनच, वाचकहो, अशा सणाच्या अंकात एक जरा कडू विषय काढण्याचे धाडस मी करीत आहे. कारीटही कडूच असते. पण त्यावाचून दिवाळीचे स्नान पुरे होत नाही.

विषय आहे गुलामगिरीचा. हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका उभी राहते. कापसाची शेते, साखळदंड, जहाजांच्या तळाशी कोंबलेले आफ्रिकेतले लोक, आणि शेवटी अब्राहम लिंकन. माझ्या वर्गातल्या मुलांना लिंकन चांगला पाठ आहे. आपल्याकडचा गुलाम त्यांना भेटतो तो पत्त्यांत. दिवाळीच्या सुट्टीत घरोघर गुलामचोर रंगतो आणि ज्याच्या हाती गुलाम उरतो त्याची फजिती होते. ‘गुलाम’ हा शब्द अरबी. मूळ अर्थ मुलगा, पोरगा. पोरगा म्हणून हाक मारता मारता चाकर झाला, आणि चाकराचा विकत घेतलेला माणूस झाला.

आमच्या शाळेत एकदा मधल्या सुट्टीत दोन मुले हमरीतुमरीवर आली. एकाने दुसऱ्याला बटकीवरून शिवी दिली. दोघांनाही वर्गात घेऊन मी विचारले, “बटीक म्हणजे काय रे?” शिवी देणाऱ्याला सांगता येईना, आणि ज्याला ती लागली होती त्यालाही सांगता येईना. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, पेपरात असतं ना, सत्तेची बटीक!” मी फळ्यावर दुसरा शब्द लिहिला, कुणबीण. त्यावर ती चटकन म्हणाली, “कुणब्याची बायको.” उत्तर बरोबरच होते. पण पेशवाईच्या कागदांत याच शब्दाला दुसराही अर्थ आहे : विकत घेतलेली, पकडून आणलेली किंवा शिक्षा म्हणून सरकारजमा झालेली बाई. शिवी राहिली, शब्द राहिला, आणि त्यामागची बाई तेवढी पुसली गेली.

ही बाई कोण होती? अठराव्या शतकातल्या मराठी राज्यात दास होते, पण त्यांत पुरुषांपेक्षा बायकांचा भरणा फार मोठा होता. त्यांच्या येण्याच्या वाटा निरनिराळ्या होत्या. काही मोहिमांतून पकडून आणलेल्या असत. काही दुष्काळात पोटासाठी आईबापांनीच विकलेल्या असत. काही व्यापाऱ्यांनी विक्रीला आणलेल्या असत. काही जन्मानेच कुणबिणी, कारण त्यांच्या आया कुणबिणी. आणखी एक वाट सरकारी न्यायाची होती. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकारी कुणबीण करून कारखान्यात किंवा किल्ल्यावर धाडीत. त्याच प्रकरणातला पुरुष बहुधा दंड भरून सुटे.

किल्ला म्हटला की आपण बुरूज आणि तोफा मोजतो. पण किल्ला पोटावर चालतो. अंबारखान्यातले धान्य निवडायचे, भात कांडायचे, दळायचे, सारवायचे, गुरांचे शेणगोठे करायचे, ही कामे रोजची. त्यांसाठी किल्ल्याकिल्ल्यांवर सरकारी कुणबिणी ठेवलेल्या असत. त्यांना शिधा मिळे, वर्षाचे लुगडे मिळे. पण किल्ला उतरून आपल्या वाटेने जाण्याची मुभा नसे. सरदारांच्या आणि सावकारांच्या वाड्यांतही त्या असत. एका घरातून दुसऱ्या घरी त्यांना देता येई, विकता येई. घेणारा जात मात्र विचारून घेई, कारण तिच्या हातचे पाणी चालायला हवे! बाई बाजारातून घेतलेली चालत असे. पाणी मात्र शुद्ध लागे.

त्यांच्या सुटकेच्याही नोंदी आहेत, आणि त्या वाचताना हात थांबतो. म्हातारी झाली, आता काम होत नाही, म्हणून कुणाला सोडलेले असते. कधी आप्तांनी पैसा भरलेला असतो. आणि कधी एकीला सोडवण्यासाठी तिच्या बदली दुसरी बाई दिलेली असते. एकीच्या दारची कडी निघाली आणि तीच दुसरीच्या दाराला लागली. हिशेबाच्या वहीत मात्र दोन्ही बाजू बरोबर जुळतात.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती. कुणबीण घरचीच होऊन जाई. पुण्यास रेसिडेंट राहिलेल्या एल्फिन्स्टन साहेबाने आपल्या १८४१ च्या इतिहासात असेच मत दिले आहे की, घरात जन्मलेले दास नोकरांसारखेच वागविले जात, उलट कुटुंबाशी अधिक जडलेले असत. यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकेतल्यासारखे मळे इथे नव्हते. सातारच्या गादीच्याच इतिहासात विरूबाईचे उदाहरण आहे. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना त्यांचे लग्न झाले, त्या वेळी ही दासी म्हणून आली. पुढे १७०८ साली शाहू साताऱ्यास गादीवर बसले आणि विरूबाईने त्यांच्या घरचा सारा कारभार सांभाळला. अक्कलकोटच्या घराण्याचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले हे तिच्याच मायेखाली वाढले. १७४० साली ती वारली तोवर राजवाड्यात तिचा शब्द चालत असे.

पण विरूबाईचीच एक गोष्ट सांगतात. औरंगजेबाने शाहूची नववधू पाहण्याची इच्छा केली, तेव्हा खऱ्या वधूऐवजी विरूबाईला नटवून त्याच्यापुढे पाठवले. ही गोष्ट आपण चातुर्याची म्हणून सांगतो. एकदा विरूबाईच्या जागी उभे राहून ती ऐकावी. राणीची अब्रू झाकायची तर पुढे करायला कोण होती? दासी! तिला विचारण्याची गरज कुणाला वाटली असेल का? घरची झाली हे खरे. पण घरातल्या कुठल्या माणसाला घर विकू शकते? सौम्यपणा मालकाच्या स्वभावात होता, तिच्या हक्कात नव्हता. स्वभाव पालटला किंवा मालक वारला, की सौम्यपणाही संपला.

आता आपण काय जपले आणि काय जपले नाही, ते पाहू. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यापाशी, घाटावर, १७३९ च्या वसईच्या विजयातून आलेली मोठी घंटा टांगलेली आहे. मुलांना घेऊन मी या दोन्ही ठिकाणी गेलो आहे. दोन्ही पाहण्यासारखी आहेत. इमानी जनावराची आठवण ठेवणारा राजा मनाने मोठाच म्हटला पाहिजे. पण घंटेसारखीच मोहिमांतून माणसेही येत होती. घंटेला जागा मिळाली, कुत्र्याला समाधी मिळाली. जिने त्या वाड्यांतली जाती ओढली तिच्या नावाचा एक दगडही माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याला गुलामीची आठवण मुळीच नाही असे मात्र नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर घात झाला आणि हजारो मराठी बायकामुले अफगाणांच्या हाती लागून गुलाम म्हणून नेली गेली, हे आपण विसरलेलो नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो वाईस सापडलेल्या कागदांचाच, आणि त्यातून ते दुःख नव्याने जागे झाले. बलुचिस्तानात स्वतःला त्या कैद्यांचे वंशज म्हणविणारे लोक आहेत, हे ऐकून आजही आपला गळा दाटतो. दाटलाच पाहिजे. पण ज्या वाड्यांत पानिपतची बातमी ऐकून हंबरडा फुटला, त्याच वाड्यांच्या कोठीत दुसऱ्याच्या मुलखातून आणलेली बाई त्या दिवशीही दळीत बसली असेल. आपली गेली ती जखम झाली. दुसऱ्याची आणली ती जमा झाली. या विषयात मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

आणि हे आपल्याला कळत नव्हते असेही नाही. कर्नाटकाच्या स्वारीत, १६७७ साली, शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला त्यात स्पष्ट बजावले होते की, पूर्वीच्या राजवटीत तुम्ही या मुलखात स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होता. आता माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही, आमचे लोक तुम्हांला अडवतील. त्या काळी युरोपातले व्यापारी या धंद्यात उजळ माथ्याने वावरत असताना हा कौल दिला गेला, याचा अभिमान का वाटू नये? पण आपल्या घरात शंभर वर्षांनी काय चालले होते, हे पाहायला तोच कौल हाती दिवा म्हणून धरला पाहिजे.

कायदा पुढे आला तोही अर्धवटच. इंग्लंडने १८३३ साली आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी उठवली, गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना काही दिले नाही, आणि कंपनीचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला. १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात माणसावरची मालकी कोर्टाने मानू नये असे ठरले. सातारा तेव्हा अजून छत्रपतींचे राज्य होते. ते १८४८ साली खालसा झाले. सांगली-मिरजेस पटवर्धनांचा अंमल होता. माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. ना दवंडी पिटली, ना मिरवणूक निघाली. कुणबीण घरातच राहिली, तिला मोलकरीण म्हणू लागले, आणि गुलामगिरी संपली त्या दिवसाची कुणी नोंदही ठेवली नाही.

जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ नावाचे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेत हबशी लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केले. त्यांचा रोख जातीच्या दास्यावर होता. दूरच्या देशातली मुक्ती पाहून आपल्या अंगणाकडे वळून पाहावे, हे त्यांनी शिकवले. आपण मात्र पुष्कळदा अमेरिकेपर्यंत जातो आणि परत येत नाही.

असे का झाले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण उघड आहे : इतिहास वाड्यांच्या दप्तरांतून लिहिला गेला, आणि दप्तर मालकाचे असते. पण दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ज्यांच्या पणज्या कुणबिणी होत्या त्यांनाही ते विसरायचेच होते. शाळेच्या अंगणात जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तो आपल्या वंशवेलीवर कोण लिहून ठेवील? मालकाने लाजेने दडवले आणि दासीच्या नातवंडांनी भीतीने. म्हणून ही आठवण जागी करताना कुणाचे आडनाव हुडकीत बसू नये. ज्याची लाज वाटायची ते विकणाऱ्याने वाटून घ्यावे. विकली गेली तिच्या वंशाने मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

मग करायचे काय? मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविता शिकविता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातली हजारो पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. एका शाळामास्तराच्या चिकाटीने एवढे झाले. लढाया आणि तह त्यांतून आपण वेचून घेतले; आता कोठीचे, शिध्याचे, लुगड्यांचे हिशेबही त्याच आस्थेने वाचायला हवेत, कारण कुणबिणींची नावे तिथेच आहेत. बहुधा नुसतेच नाव. बापाचे नाही, गावाचे नाही.

आणि सर्वांना जमेल अशी एक गोष्ट आहे. या सुट्टीत मुलांना घेऊन किल्ल्यावर जाल, अजिंक्यताऱ्यावर जाल किंवा मेणवलीचा वाडा पाहाल, तेव्हा तोफा आणि घंटा जरूर दाखवा. मग क्षणभर कोठाराच्या जागेपाशी थांबा. मुलांना विचारा, “एवढ्या शिबंदीचे दळण कोण दळीत होते?” मुले उत्तर शोधू लागतील. त्या दिवसापासून ‘बटीक’ ही शिवी त्यांच्या तोंडी येणार नाही, एवढी खात्री मी शिक्षक या नात्याने देतो.