चंचल बालक आणि आईबापांचे अवधान

संध्याकाळी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटते. थकलेले आईबाप घरी परततात, तो शाळेची चिठ्ठी वाट पाहत असते. मुलगा जागेवर बसत नाही, वह्या हरवतो, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो. असे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे; काहींनी ते दुःख सोसलेही आहे. शेजारीपाजारी मात्र एकच निकाल देतात : 'आईने वळण लावले नाही.' हा निकाल किती जुना आणि किती अन्यायाचा आहे, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात डोकावावे लागेल.

स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी 1798 साली आपल्या ग्रंथात अवधान न टिकण्याच्या विकाराचे वर्णन केले. पुढे 1840 च्या दशकात जर्मनीतील डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी लहान मुलांसाठी लिहिलेल्या पद्यकथांत जेवणाच्या मेजावर चुळबुळणारा फिलिप अवतरला. मुले हसली, मोठ्यांनी बोध घेतला. पण फिलिपच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न मागेच राहिला. 1902 साली लंडनच्या बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचा विचार मांडला. बुद्धी चांगली असूनही हे घडते आणि त्यामागे शारीरिक कारण असू शकते, असे त्यांनी सुचविले. तथापि त्यांनी नाव दिले ते 'नैतिक नियंत्रणातील दोष' असे. रोग ओळखला जात होता. पण दोषाचा शिक्का पुसला गेला नव्हता.

1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना एक नवल आढळले. उत्तेजक औषधाने काही चंचल मुले शांत होत आणि अभ्यासात रमत. त्यानंतर नावे बदलत गेली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत 1980 साली अवधान-न्यूनतेला प्रथम स्थान मिळाले आणि 1987 साली आज प्रचलित असलेले 'एडीएचडी' हे नाव आले. ही अवस्था मेंदूच्या विकासाशी निगडित आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे ज्या आईला वा बापाला आपण धीर धरायला सांगतो, त्यांचे स्वतःचे चित्तही कित्येकदा तितकेच अस्थिर असते.

येथे दुसरा एक इतिहास येऊन मिळतो, आणि तो आपल्या मातीतला आहे. सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले; 1976 साली इगतपुरीला त्यांचे विपश्यना केंद्र उभे राहिले. त्याच दशकात मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो आपल्या 'साधना' शिबिरांतून श्वासाकडे, कानावर पडणाऱ्या आवाजांकडे, शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देत प्रार्थनेत उतरायला शिकवीत होते. त्यांचे 'साधना' हे पुस्तक 1978 चे. त्यांच्या काही लेखनाविषयी रोमने 1998 साली सावधगिरीची सूचना दिली, हेही येथे नमूद केले पाहिजे. 1979 साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेतील सजगतेला रुग्णालयात आणले. तेथून ती पालकत्वाकडे वळली.

2012 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी एडीएचडी असलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना आठ आठवडे सजगतेचे शिक्षण दिले. मूल ओरडले की आपलाही आवाज चढतो, तो क्षण ओळखावा; एक श्वास घ्यावा; मग बोलावे. सांगायला सोपे, करायला कठीण! पालकांना मुलांत आणि स्वतःतही सुधारणा दिसली. शिक्षकांच्या नोंदींत मात्र तसा ठळक फरक आढळला नाही. म्हणून ही साधना औषधाला किंवा तज्ज्ञाच्या उपचाराला पर्याय नव्हे. तिने घरातील ताण हलका होऊ शकतो, इतकेच आम्ही म्हणू. पण ज्या घरात रोज संध्याकाळी रडारड होते, तेथे एवढेही थोडे नाही.

2020 च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलच्या पडद्यावर आली आणि चंचल मुलांची परवड झाली. तोच पडदा पालकांच्या प्रशिक्षणालाही उपयोगी पडू लागला. पाळीत काम करणाऱ्या रबाळ्याच्या बापाला रजा न टाकता ऑनलाइन वर्गाला बसता येते, ही मोठी सोय आहे. अडचणीही आहेत : एकच खोली, शेजारचा टीव्ही, आणि ध्यान शिकविणारा मोबाईलच ध्यान मोडणारा! आधी तज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे. वाशी येथे महानगरपालिकेचे अपंगांसाठीचे ई.टी.सी. केंद्र आहे, 2022 पासून 14416 या क्रमांकावर 'टेली मानस' ही मोफत सरकारी सेवा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा उल्लेख आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. आपली जीभ मात्र आजच बदलता येईल. रविवारी मिस्सेच्या वेळी एखादे मूल बाकावरून सारखे उठू लागले, तर मागे वळून त्याच्या आईकडे रोखून पाहण्यापूर्वी आपणही एक श्वास घ्यावा. सव्वादोनशे वर्षांच्या या इतिहासाने आईबापांवर पुष्कळ दोष लादला. त्यातला आपला वाटा तरी आपण काढून घेऊ या.