भार पेलणारे पाणी : माझगावची गोदी आणि तरंगकुंड

माझगावच्या इतिहासात पाण्याचा विचार बहुधा दोन अंगांनी होतो : कोळ्यांना मासळी देणारे समुद्राचे पाणी आणि भंडारवाड्याच्या टेकडीवरील जलाशयातून शहराला पुरवले जाणारे पिण्याचे पाणी. या दोहोंइतकेच महत्त्वाचे तिसरे अंग मात्र सहसा दुर्लक्षित राहते, आणि ते म्हणजे भार पेलणारे पाणी. माझगावच्या गोदीत अडीचशे वर्षे पाण्याकडून हेच काम करून घेतले जात आहे. आणि विसाव्या शतकात अमेरिकेत जन्मलेल्या ‘फ्लोट टँक’ या साधनातही, म्हणजे अंधाऱ्या, नि:शब्द तरंगकुंडातही, पाण्याचे मुख्य काम हेच आहे. तरंगकुंडातील पाणी नेमके कशासाठी असते, हे समजून घेण्यास म्हणूनच माझगावचा किनारा चांगला आरंभबिंदू ठरतो.

मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी माझगाव हे एक. बेटाच्या पूर्वेला बंदराचे सुरक्षित पाणी असल्यामुळे जहाजांच्या डागडुजीसाठी ही जागा सोयीची होती आणि १७७४ साली येथे एक लहान सुकी गोदी बांधली गेली. त्यापूर्वी, सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७५० साली मुंबई बंदरात सुकी गोदी उभारली होती. माझगावची गोदी पुढे पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या आगबोट कंपन्यांकडे गेली, १९३४ साली तिची स्वतंत्र कंपनी झाली आणि १९६० साली भारत सरकारने ती ताब्यात घेतली. मालक बदलत गेले, तरी गोदीच्या कामाचा पाया असलेले पाण्याचे तत्त्व तेच राहिले.

सुकी गोदी म्हणजे समुद्राच्या बाजूला दार असलेला, दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतींचा खोल हौद. दार उघडून त्यात पाणी घेतले की जहाज तरंगत आत येते. मग दार बंद करून पाणी काढून टाकले जाते, आणि पातळी जसजशी उतरते तसतसे जहाज तळाशी मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकते. शेकडो टन वजनाचे जहाज जमिनीवर बसवण्याचे काम येथे मनुष्यबळ नव्हे, तर उतरत जाणारे पाणी करते. यंत्रपंप नव्हते त्या काळी या कामाचा बराचसा भार समुद्राच्याच चढउतारावर होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला कोळी ‘उधाण’ म्हणतात आणि अष्टमीच्या सुमारास मंदावणाऱ्या भरतीओहोटीला ‘भांग’ म्हणतात. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडू शकते. त्यामुळे उधाणाच्या भरतीत जहाज आत घ्यावे आणि ओहोटीत गोदी रिकामी करावी, हा क्रम निसर्गानेच आखून दिल्यासारखा होता.

पाणी भार पेलते ते कसे, याचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. पाण्यात शिरलेली वस्तू आपल्या बुडालेल्या भागाच्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते, आणि त्या सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. मराठी पाठ्यपुस्तकांत यास ‘प्लावक बल’ म्हणतात. पाणी जितके दाट तितका हा जोर अधिक. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरते, तर एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे ते सुमारे १.०२५ किलो भरते. हा अडीच टक्क्यांचा फरक दिसायला किरकोळ वाटला, तरी त्याच्यामुळेच समुद्रात तरंगणारे जहाज गोड्या पाण्यात आले की अधिक खोल बुडते. सॅम्युअल प्लिम्सॉल यांच्या चळवळीनंतर इंग्लंडमध्ये १८७६ साली जहाजांच्या बाजूवर भारमर्यादेची खूण बंधनकारक झाली, आणि या खुणांत गोड्या पाण्यासाठीची वेगळी रेषाही आहे. पावसाळ्यात पाताळगंगा आणि अंबा या नद्यांचे पाणी मुंबई बंदरात मिसळते आणि खारेपणा कमी होतो, तेव्हा या रेषांचा अर्थ येथल्या खलाशालाही प्रत्यक्ष कळतो.

पाण्याच्या दाटपणाची ही बाब पाणबुडीत सर्वाधिक नाजूक ठरते. १९९२ साली नौदलात दाखल झालेली ‘शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी माझगावच्या गोदीतच तयार झाली, आणि २०१७ साली दाखल झालेली ‘कलवरी’ही तेथलीच. पाण्याखाली सुमारे १,७७५ टन पाणी बाजूला सारणाऱ्या ‘कलवरी’भोवतालचे पाणी एका टक्क्याने पातळ झाले, तर तिला वर धरणारा जोर सुमारे पावणेअठरा टनांनी घटतो, आणि तेवढ्याच वजनाचे पाणी टाक्यांतून बाहेर काढल्याशिवाय समतोल साधत नाही.

तरंगकुंडातील पाण्याचे प्रयोजन या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ जॉन लिली यांनी १९५४ साली हे साधन पहिल्यांदा तयार केले. बाहेरून येणाऱ्या संवेदना थांबल्या तर मेंदू निद्रिस्त होतो की जागाच राहतो, हा त्यांचा प्रश्न होता. आरंभीच्या प्रयोगांत श्वासासाठी मुखवटा लावून माणूस कोमट पाण्यात पूर्ण बुडून राही. पाठीवर निजून तरंगण्याची, क्षार मिसळलेल्या उथळ पाण्याची पद्धत १९७०च्या दशकात रूढ झाली, आणि असे हौद तयार करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने स्वत:साठी ‘समाधी’ हे नाव घेतले. मराठी मनात हा शब्द आळंदीशी जोडलेला असल्यामुळे त्या नावामागची अपेक्षा येथील वाचकाला विशेष समजावून सांगावी लागत नाही.

या हौदात पाणी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर खोल असते, पण त्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे बाजारात ‘एप्सम सॉल्ट’ नावाने मिळणारा क्षार, सुमारे चारशे किलो किंवा त्याहूनही अधिक विरघळवलेला असतो. त्यामुळे ते पाणी गोड्या पाण्याच्या सुमारे सव्वापट दाट होते. साठ किलो वजनाच्या माणसाला तरंगण्यासाठी गोड्या पाण्यात साठ लिटर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या शरीराइतके पाणी बाजूला सारावे लागते, समुद्रात साडेअठ्ठावन्न लिटर, आणि तरंगकुंडात केवळ अठ्ठेचाळीस लिटर. शरीराचा सुमारे पाचवा हिस्सा त्यामुळे पाण्याबाहेर राहतो. चेहरा, छाती, पायांची बोटे वर येतात आणि डोके धरून ठेवण्यासाठी मानेच्या स्नायूंना श्रम करावे लागत नाहीत. पाण्याचे तापमान त्वचेइतके, ३४ ते ३५ अंश सेल्सियस, राखले जाते, जेणेकरून शरीर कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे त्वचेला कळेनासे होते. कान पाण्याखाली राहिल्याने बाहेरचा आवाज मंदावतो, आणि झाकणामुळे प्रकाश थांबतो. वजन, स्पर्श, ध्वनी आणि प्रकाश या चार संवेदनांपैकी पहिल्या दोन थेट पाण्याच्याच गुणांनी मावळतात.

हा क्षार मुंबईच्या समुद्राला परका नाही. वडाळ्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या मिठागरांत भरतीचे पाणी कोंडून उन्हात आटवले की आधी मीठ बसते आणि मागे जे कडू पाणी उरते, त्यात मॅग्नेशियमचे क्षार साठलेले असतात. हा कडूपणाच एकेकाळी इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्याची ओळख होता, आणि १६९५ साली नेहेमाया ग्रू यांनी त्या झऱ्यातील क्षारावर ग्रंथ लिहिला. म्हणजे तरंगकुंडातील द्रव्य माझगावच्या धक्क्याला लागणाऱ्या लाटेतही आहे. फरक आहे तो प्रमाणाचा.

गोदीतील पाणी आणि तरंगकुंडातील पाणी यांची प्रयोजने अर्थातच भिन्न आहेत. गोदीत पाणी जहाजाचा भार घेते आणि ठरलेल्या जागी तो ठोकळ्यांवर उतरवते, जेणेकरून कारागिरांचे हात जहाजाच्या तळापर्यंत पोहोचावेत. तरंगकुंडात पाणी शरीराचा भार घेते आणि तो कोठेच उतरवत नाही, जेणेकरून मनाला स्वत:च्या तळापर्यंत जाता यावे. दोन्हींच्या मुळाशी असलेले ज्ञान मात्र एकच आहे : पाण्याची भार पेलण्याची शक्ती त्यात विरघळलेल्या क्षाराने वाढते, आणि माणसाला ती मोजून वापरता येते. हे ज्ञान माझगावात प्रयोगशाळेत नव्हे, तर गोदीच्या दारापाशी, उधाण आणि भांगाच्या हिशेबात रुजले. त्यामुळे माझगावच्या गोदीचा इतिहास लिहिताना जहाजांच्या नावांइतकीच नोंद त्यांना उचलून धरणाऱ्या पाण्याचीही व्हायला हवी.