नगरची कसोटी आणि नियमांची यादी

नगर म्हटले की आपल्याला भुईकोट किल्ला आठवतो, चांदबिबी आठवते, १९४२ साली त्या किल्ल्यात आणून ठेवलेले नेहरू आठवतात. आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण या नगरीचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. तो आहे चाकांचा.

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती पुण्याहून नगरला. त्याच्या आदल्याच वर्षी, फाळणीच्या धामधुमीत, रावळपिंडीजवळच्या चकलाल्याची लष्करी वाहनसंस्था नगरला येऊन स्थिरावली. तीच आजची वाहन संशोधन आणि विकास संस्था. लष्कराच्या गाड्या तिथे कसाला लागतातच; पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२६ व्या नियमाप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना तपासण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांतही तिचे नाव आहे.

आता हे तपासायचे म्हणजे काय काय? इथेच खरी गंमत आहे. १८६५ साली इंग्लंडात स्वयंचलित गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे, असा कायदा होता. एका दृष्टिक्षेपात पाळला की नाही ते कळे! आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन कायदे झाले, आणि नियमांचे रान माजले. मूळ नियम एका पुस्तकात, त्याची दुरुस्ती राजपत्रात, आणि चाचणीची रीत तिसऱ्याच मानकात. ‘अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत’ एवढेच दुरुस्ती सांगते. जुने पान शेजारी उघडल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

यावर उतारा म्हणजे यादी. वाणसामानाची यादी करणाऱ्या गृहिणीला तिचे मोल मी काय सांगावे? विमानविद्येला मात्र ते किंमत मोजून कळले. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे नवे विमान उडताच कोसळले. यंत्र निर्दोष होते. सुकाणूची खीळ काढायची तेवढी राहिली होती. त्यानंतर वैमानिकांच्या हाती तपासयादी आली. आपल्या उमरखेडकडील गावंडे घराण्यातले अमेरिकेतील शल्यवैद्य डॉ. अतुल गावंडे यांनी तीच यादी शस्त्रक्रियागृहात नेली.

वाहनांच्या नियमांवरून अशी यादी करण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवता येते. शेकडो पानांचा मजकूर यंत्रापुढे ठेवावा. ते प्रत्येक कलम फोडून सांगते : हे कोणत्या गाडीला लागू, कधीपासून, काय मोजायचे, पुरावा कोणता. माणसाचे आठवडे तासांवर येतात.

मला हे यंत्र आवडते. पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबावे असे वाटत नाही. दुचाकीच्या ब्रेकचाच २०१८ साली लागू झालेला नियम घ्या. १२५ सी.सी.वरील गाडीला चाक न अडकू देणारी एबीएस यंत्रणा हवी. त्याखालील गाडीला ती किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस चालते. नव्या नमुन्यांना हे १ एप्रिल २०१८ पासून, जुन्या नमुन्यांना एक वर्षानंतर. या यादीतला ‘किंवा’ गळला, दोन तारखांची एक झाली, की कागदावर सारे ठाकठीक दिसते आणि रस्त्यावर घात होतो. शिवाय या यंत्राला एक खोड आहे : नसलेले कलमही ते तितक्याच ठामपणे सांगते. म्हणून यादीतील प्रत्येक ओळीपुढे मूळ नियमाचा क्रमांक असावा, आणि तो उघडून पाहणारा जाणता माणूस शेवटी सही करणारा असावा.

कारण यादी कितीही सुबक झाली, तरी ब्रेक लागतो की नाही हे पट्टीवर गाडी पळवूनच कळते. दिवाळीला माहेरी निघालेल्या लेकीची एस.टी. पुणे-नगर रस्त्यावरून सुखरूप पोचते, त्यामागे अशा कित्येक ओळी कोणीतरी एकेक करून तपासलेल्या असतात.