म्यानमारच्या भूकंपग्रस्तांना मदत : दान कोणाच्या हाती द्यावे?

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मंडाले, सागाइंग परिसरात तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे याच देशाचे. त्यामुळे मदतीचे आवाहन आले की आपले तरुण लगेच पुढे होतात. पण दान गरजूंपर्यंत पोहोचते का, हे पाहणे ही आपलीच जबाबदारी आहे.

म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावली. भूकंपाच्या वेळी सागाइंगमधील अनेक गावे लष्कराच्या विरोधकांकडे होती. अशा ठिकाणी केवळ सरकारी मार्गाने गेलेली मदत सर्वांना मिळेलच, याची खात्री नसते.

म्हणून देणगीपूर्वी आम्ही हे प्रश्न विचारतो :

१. संस्था भूकंपाआधीही तिथे काम करत होती का?
२. मदत कोणत्या गावांत, कोणामार्फत वाटली जाते?
३. लेखापरीक्षण अहवाल सर्वांना पाहता येतो का?
४. बँक खाते संस्थेच्या नावावर आहे की एखाद्या व्यक्तीच्या?
५. वाटपात धर्म किंवा वंश पाहिला जातो का? भूकंप रमजानमधल्या शुक्रवारी झाला. विहारांप्रमाणे मशिदीही कोसळल्या. करुणेला भेद मान्य नाही.

परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जीची करसवलत मिळत नाही. भारतीय ट्रस्ट पावती देत असेल, तर तो पैसा परदेशात कायदेशीर मार्गाने कसा पाठवणार, तेही विचारा.

उत्तरे टाळणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या. मात्र दान थांबवू नका, उत्तरे देणारी संस्था शोधा.

जय भीम!