बॉस्टनची वर्गणी आणि शारदा सदन

वर्षाला एक डॉलर, आणि तोही सलग दहा वर्षे, अशी वर्गणी देण्याचे अमेरिकेतील कित्येक स्त्रियांनी १८८७ च्या सुमारास कबूल केले. ज्या मुलींसाठी ही वर्गणी द्यावयाची, त्यांना यांपैकी बहुतेकींनी कधी पाहिलेही नव्हते. त्या मुली मुंबई-पुण्याकडच्या बालविधवा होत्या. एका डॉलरचे त्या काळी सुमारे तीन रुपये होत. या लहानशा वर्गणीतून जे उभे राहिले आणि पुढे तिच्याभोवती जे वादळ उठले, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. स्त्रियांच्या संस्थांना पैसा पुरविणारे, स्त्रियांनीच चालविलेले निधी आज जगात ठिकठिकाणी आहेत. त्यांच्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतले बरेचसे या जुन्या हकिकतीत येऊन गेलेले आहेत.

पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियास पोचल्या. त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च रोजी तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभास हजर राहावे, एवढाच मूळचा बेत. परंतु त्या राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. त्यांनी शाळा पाहिल्या, लहान मुलांच्या शिक्षणाची बालोद्यान पद्धती समजून घेतली, आणि स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक सभेसारख्या मोठमोठ्या संस्था स्त्रिया स्वतःच कशा चालवितात, हे बारकाईने न्याहाळले. घरकाम सांभाळून सभा भरविणे, ठराव करणे, हिशेब ठेवणे, लहान लहान वर्गण्या जमा करणे ही कामे बायका बिनबोभाट करीत आहेत, हे दृश्य आपल्याकडे त्या काळी अपूर्वच होते. पुढे १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर मराठीत जो ग्रंथ लिहिला, त्यात तेथील स्त्रियांच्या संस्थांस मानाचे स्थान दिले, यात नवल नाही.

१८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी लिहिली होती. पुस्तकाने लोकांचे लक्ष वेधले, आणि १३ डिसेंबर १८८७ रोजी बॉस्टन शहरात 'रमाबाई असोसिएशन'ची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे धर्मोपदेशक अध्यक्ष झाले. उपाध्यक्षांत मद्यपाननिषेधाच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड होत्या. कार्यकारी समितीची धुरा ज्युडिथ अँड्रूज या बाईंकडे आली. म्हणजे कामाचा भार मुख्यतः स्त्रियांवर, पण अध्यक्षाच्या खुर्चीत पुरुष, अशी व्यवस्था होती. संस्थेने हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालविण्याचे पत्करले. पैसा उभारण्यासाठी गावोगाव 'रमाबाई मंडळे' निघाली. रमाबाईंनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत व्याख्याने दिली, आणि अशा मंडळांची संख्या पन्नासांच्या वर गेली.

या वर्गणीस एक महत्त्वाची अट जोडलेली होती. शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यावयाची नाही. मुलींचे सोवळेओवळे, जेवणखाण, पूजाअर्चा यांत हात घालावयाचा नाही. स्वतः रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. तेव्हा ही अट नसती, तर एकाही ब्राह्मण गृहस्थाने आपली लेक वा बहीण त्यांच्या हवाली केली नसती. शिवाय येथील वजनदार सुधारकांची सल्लागार मंडळी नेमण्यात आली. पुण्याच्या मंडळीत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. समारंभाचे अध्यक्षपद काशीबाई कानिटकर यांनी भूषविले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी अवघ्या दोन. त्यांतली विधवा होती गोदूबाई जोशी. सासर-माहेरच्या स्वयंपाकघरात जिचे सारे आयुष्य जावयाचे, ती मुलगी पाटीपुस्तक घेऊन बसली, आणि तिच्या अन्नवस्त्राचा खर्च सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी बायांच्या वर्गणीतून निघू लागला. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले.

आता वादळाकडे वळू. रमाबाई रोज सकाळी स्वतःची प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणासही बोलावीत नाही. पण येणाऱ्या मुलीला हाकलूनही देणार नाही. पुण्याच्या लोकांस हे पटेना. 'केसरी'ने कडक टीका केली. ज्यांनी आपल्या शब्दावर लोकांच्या मुली सदनात आणल्या होत्या, ते सल्लागारही अस्वस्थ झाले. अखेर ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांचे सहकारी यांनी बॉस्टनला पत्र पाठवून आपला संबंध तोडला. पालकांनी वीसांहून अधिक मुली काढून नेल्या.

या प्रसंगी सारा दोष एका पक्षावर लोटणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. पालकांनी एका वचनावर विसंबून मुली पाठविल्या होत्या. पंधरा वर्षांच्या पोरक्या मुलीवर आश्रयदात्या बाईच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच, ही त्यांची भीती निराधार नव्हती. उलट रमाबाईंस आपल्याच घरात आपल्या देवाचे नाव दार लावून घ्यावे लागावे, हेही चमत्कारिक होते. आणि त्या मुलींना काय वाटते, हे विचारण्याची गरज तर दोन्हीकडच्या फारच थोड्या लोकांना वाटली. बॉस्टनच्या मंडळींनी रमाबाईंवर विश्वास ठेवला आणि पैसा चालू ठेवला. सदन वाचले. परंतु ज्या शहरात ते उभे होते, त्या शहराशी त्याचे नाते तुटले ते तुटलेच.

दुसराही एक कलह झाला, तो अमेरिकेत. वर्गणी मिळवावयाची तर ऐकणाऱ्याचे हृदय द्रवले पाहिजे, आणि त्यासाठी हिंदू विधवेच्या दुःखाची वर्णने पुन्हा पुन्हा सांगितली जात. स्वामी विवेकानंदांनी आपल्या व्याख्यानांतून हिंदू स्त्रीचे वेगळे चित्र मांडले, तेव्हा १८९५ साली ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळाशी त्यांचा उघड वाद जुंपला. दुःख खरे होते, यात संशय नाही. रमाबाईंनी ते स्वतः भोगले आणि पाहिले होते. पण दुःखाचेच चित्र दाखवून पैसा मिळवावा लागला, की ज्यांचे दुःख त्यांचा अभिमान दुखावतो. मदत मागणाऱ्या प्रत्येक संस्थेस या पेचातून जावे लागते.

दहा वर्षांची मुदत संपली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. १८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुनी संस्था विसर्जित झाली आणि तिच्या जागी नवी संस्था आली. या वेळी धर्माबाबतच्या तटस्थतेची अट उरली नव्हती. काम उघडपणे ख्रिस्ती होते.

मग त्या वर्गणीचे फळ काय? ते गोदूबाईंच्या चरित्रात पाहावे. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या वर्धापनदिनीच, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. गोदूबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. हिंगण्यास शिकून त्या त्याच संस्थेच्या कार्यकर्त्या झाल्या आणि गावोगाव फिरून तिच्यासाठी वर्गणी गोळा करू लागल्या. जवळपास मिळेल तेवढी मदत पुरे, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. इंग्रजी शिकावे आणि संस्थेस साह्य मिळवावे म्हणून १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. जिच्या थोरल्या बहिणीचे शिक्षण अमेरिकन वर्गणीवर झाले, ती स्वतःच वर्गणी मागणारी झाली. मात्र आता संस्था आपली होती, आणि तिचे नियम ठरविणारी माणसेही येथलीच होती.

आज या क्षेत्रात बराच बदल झाला आहे. ॲमस्टरडॅम येथे १९८३ साली पाच स्त्रियांनी 'मामा कॅश' नावाचा निधी सुरू केला. त्याचे मूळ भांडवल त्यांच्यातल्याच एकीला मिळालेल्या वारशातून आले. बॉस्टनच्या सभेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ साली, कॅलिफोर्नियात 'ग्लोबल फंड फॉर विमेन' निघाला. आपल्या भाषेत, हाताने लिहून पाठविलेला अर्जही तेथे चालत असे, अशी त्याची ख्याती झाली. शेजारच्या नेपाळात १९९६ साली 'तेवा' ही संस्था स्थापन झाली. सामान्य नेपाळी माणसांकडून लहान देणग्या घेऊन ती खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या गटांना साह्य करते. अशा निधींचा कल एका गोष्टीकडे आहे: पैसा शक्य तो अटींच्या दोरीने बांधून देऊ नये. जागेचे भाडे भरावयाचे की कार्यकर्तीला पगार द्यावयाचा, हे त्या गटातील स्त्रियांनीच ठरवावे. हिशेब चोख हवा. पण काम काय करावे हे दुरून सांगू नये.

शारदा सदनात निर्णयाच्या तीन गाद्या होत्या: एक बॉस्टनला, एक पुण्याच्या सल्लागारांकडे आणि एक रमाबाईंकडे. ज्यांच्यासाठी सारे चालले होते, त्या मुलींची मात्र त्यांत एकही नव्हती. तो काळ पाहता तसे घडले याबद्दल कोणास दूषण देता येणार नाही. परंतु आपल्या गावच्या महिला मंडळाला देणगी देताना, किंवा मंडळाच्या वतीने एखाद्या मुलीची फी भरताना, आपण तीच चौथी गादी विसरत तर नाही ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.