नाव मऊ, चेंडू कठीण

मुलीने शाळेत सॉफ्टबॉल घेतला म्हटल्यावर आईला हायसं वाटतं. मऊ चेंडूचा खेळ, लागला तरी किती लागणार? त्या आईने तो चेंडू एकदा हातात घेऊन दाबून पाहावा. दबत नाही. वस्तू बदलून पुढे गेली आणि नाव मागेच राहिलं. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला अशी नावं चटकन खुणावतात.

आरंभी मात्र नाव खोटं नव्हतं. 1887 च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल आला, आणि आनंदाच्या भरात एकाने बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी त्याच मोज्याची नाडी गुंडाळून त्याचा गोळा केला, आणि बंद दालनात बेसबॉल सुरू झाला. आपण लगोरीसाठी चिंध्या सुतळीने आवळून चेंडू करायचो, त्यातलाच हा प्रकार. चेंडू आधी हाताशी असेल त्याचा होतो. नियम मागाहून येतात.

इथे ते बरेच मागाहून आले. गावोगावी चेंडू वेगळा, नावही वेगळं. कुठे किटन बॉल, कुठे मश बॉल. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव वॉल्टर हॅकन्सन यांनी 1926 मध्ये सुचवलं, आणि 1930 नंतरच्या दशकात एक नियमावली ठरली. शिकागोत मात्र 16 इंच घेराचा चेंडू मोज्याशिवाय, नुसत्या हातांनी झेलण्याची रीत टिकून राहिली. बाकी जगात 12 इंच घेराचा चेंडू रूढ झाला. त्याच्या पोटात पूर्वी कपोक भरत. आपल्या उशांत जातो त्या सावरीच्या कापसाचाच हा भाऊबंद. आता तिथे पॉलियुरेथेन असतं.

क्रिकेटच्या चेंडूचं वजन 1774 पासून साडेपाच ते पावणेसहा औंस ठरलेलं आहे, अडीचशे वर्षं त्यात फरक नाही. सॉफ्टबॉलचा चेंडू सव्वासहा ते सात औंसांचा, म्हणजे साधारण 177 ते 198 ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जडही! पण खरी अडचण वजनाची नव्हती. लाकडी बॅट जाऊन अ‍ॅल्युमिनियमची आणि पुढे कॉम्पोझिटची बॅट आली, आणि चेंडू सुसाट परतू लागला. हात खालून फिरवून चेंडू टाकणारी मुलगी फलंदाजापासून 43 फुटांवर, म्हणजे सुमारे 13 मीटरवर उभी असते. चेंडू सोडल्यावर तोल सावरेपर्यंत ती आणखी जवळ आलेली असते. चेंडू सरळ तिच्याकडे आला, तर चेहऱ्यापुढे हात नेण्याइतकाच वेळ तिला मिळतो.

म्हणून अमेरिकेच्या हायस्कूल सामन्यांत चेंडूचीच परीक्षा घेतात. ताशी 60 मैल वेगाने तो कठीण सपाट पृष्ठभागावर आदळवतात. परतीचा वेग आदळण्याच्या वेगाच्या 47 टक्क्यांहून, म्हणजे सुमारे 28 मैलांहून, अधिक चालत नाही. दुसरी परीक्षा दाबाची. चेंडू पाव इंच आत दाबायला किती जोर लागतो ते मोजतात, आणि तिथला आकडा आहे 375 पौंड, म्हणजे सुमारे 170 किलो. दोन तगड्या माणसांचं वजन, आणि चेंडू दबतो पाव इंच! याला मऊ म्हणायचं. पास झालेल्या चेंडूवर शिक्का असतो. चेंडू यजमान संघाने पुरवायचे आणि पंचांनी सामन्याआधी ते पाहायचे. यजमानाने दिलेला चेंडू पाहुण्यालाही तोच, हे मला या नियमांतलं सगळ्यांत शहाणं कलम वाटतं.

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल शालेय क्रीडा स्पर्धांत आहे, त्यातल्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळाले आहेत. पण आपल्या जांभ्याच्या सड्यावर कातडी चेंडू चार दिवसांत खरवडतो. मग चांगला चेंडू सरांच्या कपाटात सामन्यासाठी जपून ठेवायचा आणि सराव शिवण उसवलेल्यावर करायचा. झिजलेला, पावसात भिजून जड झालेला चेंडू कसा उडेल हे कुठल्याच शिक्क्यावर लिहिलेलं नसतं, आणि शाळेतली मुलगी वर्षातले बहुतेक दिवस त्याच चेंडूसमोर उभी असते.