परिचर्येचे पहिले सत्र आणि स्पर्शाचा इतिहास

बारावी झालेली मुलगी परिचर्या महाविद्यालयात दाखल होते, तेव्हा पहिल्या सत्रातच तिला एक साधे काम शिकवले जाते. रोग्याचा ताप पाहायचा, मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायची, छातीचे वरखाली होणे पाहून श्वास मोजायचे आणि सारे तक्त्यावर लिहायचे. पाहणाऱ्याला हे काम क्षुल्लक वाटेल. आपल्या इतिहासात मात्र याच कामावाचून एक बाई मेली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत दिली आहे. ती 1929 च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’मध्ये छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर मोठ्या विनवण्यांनंतर आला, पण वस्तीत पाऊल टाकणार नाही या अटीवर. बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. न्युमोनिया झाला आहे, असे सांगून डॉक्टर निघून गेला. त्यानंतर ती बाई गेली.

या हकीगतीत विद्या होती, औषध होते, थर्मामीटरही होता. नव्हता तो फक्त स्पर्श. थर्मामीटर तीन हातांतून फिरवता येतो. नाडी मात्र अशी फिरवता येत नाही. ती पाहायची तर रोग्याचे मनगट धरावेच लागते. म्हणून परिचर्येच्या पहिल्या सत्राचा विचार करताना आपण स्पर्शापासून आरंभ केला पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या समाजाने आपल्याला शिवायचे नाकारले, त्याच समाजाला जन्माच्या वेळी आपलेच हात लागत होते. मांग स्त्रिया गावात सुईणपण करीत, अशी नोंद रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातींविषयीच्या आपल्या 1916 च्या ग्रंथात केली आहे. बाळाला पहिला हात लावायचा तो सुईणीने. नाळ कापायची, वार पुरायची ती तिने. बाळंतपणाचा विटाळ मानणाऱ्या वर्णव्यवस्थेने ते काम विटाळाचेच म्हणून तिच्या गळ्यात बांधले. तिच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते, पण ज्ञान म्हणून त्याची नोंद कोणी ठेवली नाही. मोबदला पसाभर धान्याचा, आणि बारसे झाले की तीच बाई पुन्हा गावकुसाबाहेर!

हेच काम पुढे शाळेत गेले, तेव्हा काय झाले? 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची परिचर्या शाळा निघाली. मुली दाखल झाल्या की थेट वॉर्डात उभ्या राहत आणि काम करता करता शिकत. वॉर्डात जाण्याआधी काही काळ वर्गात शिकवावे, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती 1893 मध्ये, ग्लासगो येथे, रिबेका स्ट्राँग यांच्या पुढाकाराने. शरीररचना, शरीरक्रिया, आरोग्यशास्त्र आधी, आणि वॉर्ड नंतर. आजच्या पहिल्या सत्राचे मूळ असे या पूर्वतयारीच्या शिक्षणात आहे. बिछाना घालणे, रोग्याला पुसून घेणे, बेडपॅन देणे ही कामे आता अभ्यासक्रमात आली. त्यांना वेळापत्रक, परीक्षा आणि प्रमाणपत्र मिळाले.

प्रमाणपत्र आले की दार आले, आणि दार आले की दाराशी राखणदार आला. अमेरिकेतील मेरी महोनी या काळ्या स्त्रीचे उदाहरण घ्या. बोस्टनच्या ज्या रुग्णालयात ती वर्षानुवर्षे स्वयंपाक, धुणे आणि झाडलोट करीत होती, तेथेच तिला 1878 मध्ये, वयाच्या तिशीनंतर, विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला. 16 महिन्यांचा खडतर अभ्यासक्रम पुरा करून 1879 मध्ये ती त्या देशातील पहिली प्रशिक्षित काळी परिचारिका झाली. काम तिला आधीपासून येत होते. कमी होता तो फक्त प्रवेश.

आपल्याकडे राखणदाराला फारसे कष्ट पडले नाहीत. परक्याचे मलमूत्र उचलणे सवर्ण घरातल्या मुलीला कमीपणाचे वाटे, आणि हे काम ज्यांच्यावर लादले होते त्यांच्या मुलींना अक्षरच दिलेले नव्हते. पुण्याच्या सेवासदनाने (स्थापना 1909) स्त्रियांना ससून रुग्णालयात हे शिक्षण घेण्यास पाठवले, ती त्या काळी धाडसाची गोष्ट होती. मिशनच्या रुग्णालयांत मुख्यतः ख्रिस्ती मुली शिकल्या, आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात महार-मांग घरांतून आलेले लोक पुष्कळ होते, हे विसरता येणार नाही. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 7,000 परिचारिका, म्हणजे 43,000 माणसांमागे एक, असा हिशेब आहे. दारिद्र्य आणि सरकारी अनास्था ही त्याची कारणे खरीच. पण विटाळाच्या कल्पनेने किती रोगी मारले, याचा हिशेब कोणत्या समितीने मांडला?

या इतिहासात एक नाव मात्र प्रमाणपत्रावाचून उभे आहे. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्या संसर्गाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. काठेवाडातील डॉक्टरच्या बत्तीस वर्षे आधी, तेही प्लेगच्या रोग्याला, या बाईने पाठीवर घेतले होते.

आता आजच्या मुलीकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम आठ सत्रांत बांधला. पहिल्या सत्रात इंग्रजी, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय आहेत. मूलतत्त्वांसाठी वर्गाचे 120 तास, प्रयोगशाळेचे 80 आणि वॉर्डातले 160 तास. इंग्रजीला मात्र अवघे 40. ज्या मुलीने सारे शिक्षण मराठीत घेतले, तिची पहिली अडचण येथे आहे. हाडांची, स्नायूंची, रक्तवाहिन्यांची नावे परक्या भाषेत, आणि पुस्तकही त्याच भाषेत. पहिल्या महिन्यात तिला वाटेल की आपल्याला बुद्धी नाही. तिला कोणीतरी सांगितले पाहिजे की ही नावे मूळची लॅटिन आणि ग्रीक आहेत. शेजारच्या बाकावरच्या इंग्रजी शाळेतल्या मुलीलाही ती पाठच करावी लागतात. रोज दहा नावे लिहून, मोठ्याने म्हणून पाठ केली तर सत्र संपेपर्यंत ती आपली होतात. वॉर्डाचा वास, पहिला मृत्यू, पहिले उघडे शरीर यांनी ती हादरेल; सगळ्याच हादरतात.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. समाजशास्त्राच्या तासाला जातिव्यवस्था हा पाठ येतो. उगम, लक्षणे, परिणाम असे मुद्दे फळ्यावर लिहिले जातात. त्या तासाला कोणी मागे वळून तिच्याकडे पाहील, कोणी आडनाव विचारील. तिने मान खाली घालू नये. वर्गात त्या विषयाची खरी जाणकार तीच आहे.

आणि बेडपॅन? तिची आजी म्हणेल, “यातून सुटावं म्हणून तर तुला शिकवलं ना गं बाई?” आजीचा प्रश्न खोटा नाही. पण लादलेले काम आणि निवडलेले काम यांत माणूसपणाचे अंतर आहे. जे काम जन्माने गळ्यात पडते, त्याला नकार देता येत नाही. जे शिकून स्वीकारले, त्याला वेतन आहे, हक्क आहेत, आणि मलमूत्राचा रंग पाहून रोगाचा माग काढण्याचे शास्त्र आहे.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. त्याच वॉर्डात फरशी पुसणारी एक मावशी असते, बहुधा आपल्याच एखाद्या वस्तीतली. अंगावर गणवेश चढला की बेडपॅन तिच्याकडे सरकवण्याची सवय लागते. स्वच्छ काम एका हाताला आणि घाण दुसऱ्या हाताला, ही वाटणी करणारी व्यवस्था गणवेशातही जिवंत राहू शकते. आपली मुलगी त्या मावशीला कोणत्या शब्दांत हाक मारते, याला परीक्षेत गुण नाहीत. पण तिच्या शिक्षणाची कसोटी तेथेच लागणार आहे.

थर्मामीटर तीन हातांतून फिरला त्याला आता शतक होत आले. आज तो आपल्या मुलीच्या हातात आहे. समोरच्या खाटेवर कोणत्याही जातीचा रोगी असेल. तिने त्याचे मनगट धरावे, घड्याळाकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी.